देवळापुढचा बाक

ताइनानचा मोठा रस्ता पश्चिम वेशीपासून कालव्यापर्यंत सुतासारखा सरळ जातो. फक्त समुद्रमातेच्या देवळापुढे त्याला बाक आहे. लोक सांगतात, तिथं पूर्वी ओढा होता. ओढा कसला डोंबलाचा? तिथं खू खिम-सुईची भाताची गिरणी होती. रस्ता रुंद करायची दोरी गिरणीवरून जात होती. त्यानं मोजणीवाल्यांना बदकं खाऊ घातली, दारू पाजली, आणि दोरी समोर आमच्या घरावर सरकली. घराची उभी फाक उरली. एक खोली, सुरीसारखी.

माझा नवरा त्याच्या हातापाया पडला. खिम-सुई दात कोरत म्हणाला, "रस्त्याला कोण अडवणार, चुई-बोक?"

नवरा झुरून गेला. मी त्याच खोलीत चूल मांडली, दुधमासा घातलेली भाताची पेज विकून पोरं वाढवली. मागून येणारी गल्ली माझ्या भिंतीपाशी संपायची. भिंत द्या, गल्ली रस्त्याला जोडू, असं म्हणत पालिकेची माणसं यायची. मी हाकलून द्यायची.

यंदा गिरणीच्या जागी खिम-सुईनं हॉटेल उभं केलं. मोठं काचेचं दार, नेमकं माझ्या भिंतीसमोर. सरळ येणारा रस्ता ज्याच्या दारावर आदळतो त्याचं घर बसतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. माझी सून सिऊ-लान बाजारात ऐकून आली.

"आई, गवंड्यानं त्याला म्हटलं, मागं गल्ली आहे, दार बाजूला घ्या. तर म्हणतो, म्हातारी मेल्याशिवाय भिंत सोडायची नाही."

"असं म्हणाला? चप्पल घाल. पालिकेत जाऊ."

भिंत पाडायच्या दिवशी मी चूल उचलत होते. खिम-सुई काठी टेकत आला. जन्मात पहिल्यांदा मला वहिनी म्हणाला.

"वहिनी, गल्लीला जरा बाक द्यायला सांगा. तुमचं ऐकतील."

"रस्त्याला कोण अडवणार, खिम-सुई?"

गल्लीची पीडा परतवायला त्यानं दारावर आरसा टांगला, उंबऱ्यापुढे दगड पुरला. गिऱ्हाईक फिरकेना. शेवटी काच काढून विटा रचल्या. आता हॉटेलात जायचं ते बाजूच्या बोळातून. तिथली पडवी मी आधीच भाड्यानं घेतलीय. मासे तिथंच साफ करते, दाराच्या तोंडाशी. वास येतो म्हणून त्यानं माणूस पाठवला होता.

त्या माणसाला मी पेज वाढली. चांगली झालीय म्हणाला.