गेटकाकांची जागा

दगड काळा घ्यायचा की करडा, यावर समितीत वर्षभर वाद चालला. शेवटी करडा ठरला. त्यावर कोणाची नावं कोरायची हे ठरवायला मात्र एक बैठक पुरली. त्या दिवशी स्टेडियमच्या पूर्वेच्या जिन्यावर जे चेंगरून गेले ते सगळे. माझे वडील सोडून.

बाबाही त्याच जिन्यावर गेले. पण ते पूर्वेच्या गेटचे गेटकीपर होते, आणि ते गेट बंद होतं.

दर वर्षी त्या दिवशी लोक जिन्याखाली जमतात. नावं वाचली जातात, दंडाला काळ्या पट्ट्या बांधलेली माणसं आपल्या माणसाचं नाव आलं की मान खाली घालतात. मी लोखंडी कठड्याच्या अलीकडे, रस्त्यावर उभी राहते. आम्हाला कोणी येऊ नका म्हटलेलं नाही. पट्टीही कोणी दिलेली नाही.

"या वर्षी तू जाऊन बोल," आई म्हणाली. "दगडावर एकदा कोरलं की मग कोण बदलतंय? तुला बोलता येतं. एवढी पुस्तकं वाचलीस, त्यातलं एखादं वाक्य तरी उपयोगी पडेल."

मी ग्रंथालयात काम करते. दुःखावरच्या पुस्तकांचं आमच्याकडे वेगळं कपाट आहे आणि त्यातली बहुतेक मी वाचली आहेत. आता त्या कपाटापुढून जाताना मला औषधाच्या दुकानापुढून जाताना वाटतं तसं वाटतं. सगळं आहे, आपल्या दुखण्याचं तेवढं नाही.

आईला पुस्तकं लागत नाहीत. तिच्याकडे किल्ली आहे. पोलिसांनी बाबांच्या वस्तू परत केल्या तेव्हा एक अधिकारी सहज बोलून गेला की किल्ल्यांचा जुडगा मुठीत होता, बोटं सोडवावी लागली. त्या एका वाक्यावर आई इतकी वर्षं उभी आहे. "तो गेटकडेच निघाला होता," ती म्हणते. "पोचला नाही, एवढंच." चमच्यांच्या खणात, चमच्यांच्या मागे, तो जुडगा आहे. चमचा काढताना तो वाजतो.

गेट बंद का होतं हे सांगायला हवं. उत्तरार्ध सुरू झाला की फुकटे आत घुसतात म्हणून गेटं आतून कुलूपबंद व्हायची आणि शेवटच्या शिट्टीच्या जरा आधी उघडायची. मधल्या वेळात गेटकीपरने गेटपाशीच बसायचं, असा नियम होता. पण सगळे गेटकीपर किल्ली कमरेला लावून जिना चढायचे आणि वरच्या पायरीवरून सामना बघायचे. क्लबला ठाऊक होतं, पोलिसांना ठाऊक होतं. चोरून केलेलं काही नव्हतं ते. पद्धतच होती. लोकच सरकून जागा द्यायचे, "या गेटकाका, या, तुमच्यावाचून गोल होत नाहीये." बाबांना ते फार आवडायचं. दिवसभर ते लोकांची तिकिटं फाडत, "जगात फुकट आत येतो तो फक्त वारा," असं म्हणत. तो शेवटचा पाऊण तास मात्र ते स्वतः फुकटे असायचे.

त्या दिवशी आपली टीम हरत होती. लोक कंटाळून उतरायला लागले, रमतगमत. खाली गेट बंद. ते थांबले. मागचे थांबले. आणि तेवढ्यात वर गोल झाला. बरोबरी झाली, शिट्टी झाली आणि सगळा स्टँड गात, उड्या मारत त्याच जिन्यावर आला. मागच्यांना पुढचं दिसत नव्हतं. पुढच्यांचा आवाज गाण्याखाली दबला.

समितीच्या अध्यक्ष कपडे शिवायचं दुकान चालवतात. त्यांचा मुलगा त्या जिन्यावर गेला. एकुलता एक. नावं त्याच वाचतात, आणि पट्ट्याही त्याच शिवतात.

मी गेले तेव्हा दुपार होती. खिडकीपाशी मशीन, बाजूला डोकं नसलेला पुतळा, त्याच्या अंगात एकच बाही लावलेला कोट. टेबलावर काळ्या सुती कापडाचा तागा.

"पँट आहे की कोट?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"शिवायला काही नाहीये, काकू. मी गेटकाकांची मुलगी."

मशीन थांबलं नाही. शिवण टोकापर्यंत गेली, दोन टाके उलटी मागे आली, मग त्यांनी दोरा तोडला.

"माहीत आहे मला कोणाची आहेस ते. दर वर्षी कठड्यापलीकडे उभी असतेस. थंडी नाही वाजत?"

"वाजते."

"मग टोपी घालत जा." त्यांनी ताग्याचं टोक माझ्या हातात दिलं. "आलीच आहेस तर धर हे. घट्ट."

त्यांनी कापडाला कात्रीने इवलीशी चीर दिली आणि दोन्ही हातांनी ओढलं. सुती कापड धाग्यात सरळ फाटत जातं, कापायची गरज पडत नाही. त्याचा आवाज त्या लहान खोलीत फार मोठा झाला.

"नावाचं बोलायला आलीस."

"हो."

"समिती काही माझ्या एकटीची नाही."

"सगळे म्हणतात, तुम्ही हो म्हणालात तर कोणी ब्र काढणार नाही."

"सगळे म्हणजे समितीतला तो बेकरीवाला ना? तो बायकोपुढे ब्र काढत नाही, माझ्यापुढे काय काढणार!" त्या हसल्या नाहीत. "बोल. काय बोलायचं ठरवून आलीस?"

मी खरंच ठरवून आले होते. म्हटलं, चौकशीत आलंय की ते गेट आत उघडणारं होतं. माणसं रेटायला लागल्यावर किल्ली असूनही ते उघडलं नसतं. गेटवर दोन माणसं हवी होती, क्लबने कायम एकच ठेवला. आणि बाबाही त्याच जिन्यावर, त्याच गर्दीत गुदमरून गेले.

"पाठ आहे मला ते सगळं," त्या म्हणाल्या. "पण जे पहिले उतरले ते रेटत नव्हते. तेव्हा गेट उघडं असतं तर ते घरी जाऊन जेवले असते. त्यांच्यामागचे पण. धर नीट, सुटतंय."

"बाबा गेटकडेच निघाले होते, काकू. किल्ली मुठीत होती त्यांच्या."

"कोण म्हणतं?"

"आई."

त्यांनी फाडलेली पट्टी टेबलावर टाकली आणि दुसरी चीर दिली. पण ओढलं नाही.

"तुझे बाबा घरी माझ्या मुलाबद्दल काही बोलायचे?"

"ते ओळखायचे त्याला?"

"वरच्या पायरीवर त्यांची जागा कोण धरायचं मग?"

"जिराफ," माझ्या तोंडून निघालं.

"कोण?"

सामन्याहून आले की बाबा जेवताना सांगायचे: आज जिराफाने जागा धरली होती, आज जिराफामुळे मागचे ओरडत होते, आज जिराफाला माझ्या थर्मासमधला चहा दिला तर म्हणतो, काका, हा चहा आहे की गेटवरचा गंज? जिराफाला घर असेल, आई असेल, असं मला तेव्हा कधी वाटलंच नव्हतं. मी हे सांगत गेले आणि काकूंनी खुर्ची ओढून घेतली.

"जिराफ," त्या म्हणाल्या. तोंडावर हात धरून त्या हसल्या, खांदे हलेपर्यंत. "घरी आम्ही बांबू म्हणायचो. दर सहा महिन्यांनी पँटची दुमड सोडायला लागायची मला. शेवटी शेवटी सोडायला दुमडच उरली नाही." मग त्यांनी डोळे पुसले. "गंज म्हणाला? आगाऊ मेलं."

मला वाटलं, झालं, आता त्या हो म्हणतील.

"त्या दिवशी कोपऱ्यावरचा पेपरवाला तुझ्या बाबांच्या मागे उभा होता," त्या म्हणाल्या. "तो जिन्याच्या कठड्याच्या दुसऱ्या अंगाला पडला म्हणून वाचला. हे त्याने मला एकटीलाच सांगितलं. तुझी आई म्हणते ते खरं आहे. तुझे बाबा निघाले होते. एक पायरी उतरलेही होते. माझ्या मुलाने त्यांना कॉलर धरून परत वर ओढलं. म्हणाला, काका, कॉर्नर मिळालाय, आत्ता कोण जातं! त्याचं हे असंच होतं. आलेल्या पाहुण्यालासुद्धा दारात अडवून ठेवायचा, आत्ता कुठे निघालात म्हणून."

मी कापडाचं टोक धरूनच होते.

"त्या कॉर्नरवर गोल झाला. मग याने त्यांना कमरेत धरून उचललं. वर, असं. पेपरवाला म्हणाला, गेटकाकांचे पाय हवेत होते आणि ते लहान मुलासारखे खदखदा हसत होते. कमरेच्या किल्ल्या वाजत होत्या."

बाबा मला इतकी वर्षं फक्त एकाच प्रकारे दिसत होते. जिन्यावर, डोळे मिटून, मूठ आवळून. कोणीतरी त्यांना उचललं होतं. त्यांना, ज्यांना वजनामुळे बसच्या पायरीवर चढताना धाप लागायची. त्यांचे पाय हवेत होते आणि जिन्याच्या तळाशी तेव्हाच माणसं गेटवर थापा मारत होती. ही दोन्ही चित्रं एकाच क्षणाची होती. मला एक घेऊन दुसरं ठेवून जाता येणार नव्हतं.

"दगडावर दोघांची नावं आली," काकू म्हणाल्या, "तर कोणीतरी विचारील, मग गेट बंद कोणी ठेवलं? आज कोणी विचारत नाही. आज सगळ्यांना माहीत आहे. आणि मला तसंच राहायला हवंय. माझं पोर आहे ते. मेलेलं असलं तरी माझं आहे. तुझ्या बाबांच्या माथ्यावर जे आहे ते तिथेच राहू दे."

"म्हणून तुम्ही इतकी वर्षं..."

"म्हणून. मी वाईट बाई आहे, म्हण."

"तुम्ही वाईट नाही, काकू."

"म्हण ना. मला बरं वाटेल."

मी म्हटलं नाही.

"पेपरवाला गेल्या हिवाळ्यात गेला," त्या म्हणाल्या. "आता हे फक्त माझ्याकडे उरलं होतं. झेपत नव्हतं गं. आता तुझ्याकडेही आहे. पुढच्या बैठकीत उभी राहून सांग हवं तर. मी खोटं म्हणणार नाही."

त्यांनी कापड ओढलं. पट्टी फाटून माझ्या हातात आली. मी ती परत टेबलावर ठेवायला गेले तर त्यांनी मान हलवली. "राहू दे तुझ्याकडे. बांधू मात्र नकोस, लोक बघतात."

आई दारातच उभी होती. तिचे गुडघे गेल्यापासून ती जिना उतरत नाही, पण माझी पावलं ओळखून आधीच दार उघडते.

"काय म्हणाल्या?"

"नाही म्हणाल्या."

"कारण?"

येताना सबंध रस्ताभर मी याच प्रश्नाचं उत्तर जुळवत होते. आई म्हणते ते खरं होतं, एका पायरीपुरतं. ते सांगायचं तर पुढची ओढही सांगायला लागली असती. मग हसणं, आणि मग किल्ली मुठीत आली तेव्हा फार उशीर झाला होता, हेही. तिच्याकडे ते एकच वाक्य होतं. ते काढून घेऊन त्या जागी ठेवायला माझ्याकडे काही नव्हतं.

"कारण नाही सांगितलं," मी म्हणाले.

"असेल कुठलं! कारण असतं तर सांगितलं असतं." ती स्वयंपाकघरात गेली. खण उघडला, किल्ल्या वाजल्या, चमचा निघाला. "आणि ही चिंधी कसली?"

"त्यांनी दिली. पट्टीची."

आईने ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली. कडा शिवलेल्या नव्हत्या, धागे लोंबत होते.

"परत देऊन टाक. नाव नाही आणि पट्टी कशाला? उसनं सुतक नको मला."

मी परत दिली नाही. कोटाच्या खिशात ठेवली. बैठकीलाही गेले नाही. त्या दिवशी मी ग्रंथालयात जादा वेळ बसून परत आलेली पुस्तकं जागेवर लावत होते. निरोप आला की नावं कोरायला दिली.

दगड बसवला त्या दिवशी ऊन होतं. मी टोपी घातली होती. काकूंनी नावं वाचली, सावकाश, प्रत्येकाला सारखाच वेळ देत. बाबांचं नाव जिथे आलं असतं त्या जागी त्या थांबल्या नाहीत. तशी अपेक्षाही मी केली नव्हती, तरी श्वास धरला होता. मुलाचं नाव आलं तेव्हाही त्यांचा आवाज हलला नाही. मीच मान खाली घातली. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच कोणाच्या तरी नावाला मान खाली घालत होते आणि तो जिराफ होता. तो माझ्या बाबांना धरून ठेवणारा होता आणि त्यांना शेवटचं हसवणाराही होता. त्याच्यावर रागवावं एवढी जागाही माझ्यात उरलेली नव्हती.

गर्दी पांगल्यावर मी कठडा ओलांडून दगडापाशी गेले. तिथे एक म्हातारे गृहस्थ उभे होते. दंडावर पट्टी, हातात काठी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या रिकाम्या दंडाकडे पाहिलं नाही.

"चष्मा घरी राहिला बघा," ते म्हणाले. "भावाचं नाव कुठाय सापडेना. तुम्हाला दिसतंय?"

मी त्यांना नाव विचारलं, शोधलं, त्यांचं बोट धरून अक्षरांवर ठेवलं. ते बराच वेळ ते चाचपत राहिले. मग त्यांनी विचारलं, "आणि तुमचं कोण?"

"बाबा."

"कुठे आहेत?"

मी त्यांचं बोट हातात घेतलं आणि दगडावर मधोमध कुठेतरी ठेवलं. कोणाच्या नावावर, ते मी पाहिलं नाही.

"हो, हो," ते मान हलवत म्हणाले. "फार चांगला माणूस."