दुधाला कावीळ

घोडनदीच्या काठावर मांडव पडला होता आणि मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. शिरूरकडून जीपा येत होत्या, दौंडकडून टेम्पो येत होते. पिवळ्या डोळ्यांची माणसं नातेवाइकांच्या खांद्याला धरून उतरत होती. पुढं टेबलावर भला मोठा रंगीत टीव्ही आणि त्याच्या शेजारी गादीवर उजळबाबा बसलेले. बाबांनी काळ ओळखला होता. लिंबू, अंगारा, मोरपीस असलं जुनं सामान त्यांच्याकडं नव्हतंच. त्यांचा चमत्कार सीडीत भरलेला होता.

"डॉक्टरची नजर चुकंल! रक्त तपासायची मशीन चुकंल!" बाबा माइकवर गरजले. "पर क्यामेरा? क्यामेऱ्याला ना जात, ना लोभ! क्यामेरा कवा खोटं बोलतो का, माउल्यांनो?"

"न्हाई!" मांडव ओरडला.

टीव्हीवर एक बाई दिसू लागली. हळदीत बुडवून काढल्यासारखी पिवळी. तिच्या हातात बाबांच्या मुळीचं दूध होतं. मग पडद्यावर फुलं फिरली आणि तीच बाई पुन्हा आली. साडी दुसरी, ग्लास तोच, चेहरा गुलाबी. बायकांनी कानशिलांवर बोटं मोडली. माझ्या शेजारचे एक म्हातारे तर चक्क रडत होते.

मी सम्राट. दौंडला लग्नाच्या शूटिंगचं आणि मिक्सिंगचं दुकान चालवतो. ही दोन हजार सातच्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी त्या मांडवात चमत्कार बघायला गेलो नव्हतो, बहिणीला आणायला गेलो होतो.

करुणा माझी धाकटी बहीण. पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. सातव्या महिन्यात तिचे डोळे पिवळे झाले. दौंडच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि स्पष्ट सांगितलं, "साधी कावीळ समजू नका. पोटुशीला ही जिवावर बेतू शकते. आजच पुण्याला हलवा." त्या दिवशी मी लांबच्या लग्नाच्या शूटिंगला होतो. घरी परत आलो तर खाट रिकामी. शेजारच्या भागुबाईंनी उजळबाबांची सीडी आणून दिली होती. आईनं ती पाहिली, कुरकुंभला कारखान्यात असलेल्या जावयाला, महेंद्रला, फोन करून त्याची परवानगी घेतली आणि पोरीला घेऊन ती नदीवर आली.

आमच्या धंद्यात माणसाची नजर बिघडते. तुम्ही चेहरा बघता, आम्ही चेहऱ्याच्या आजूबाजूचं बघतो. लग्नाला दोन-तीन कॅमेरे असतात. एकातली नवरी तांबूस निघते, दुसऱ्यातली हिरवट. दोन्ही एकाच सीडीत बसवायच्या तर कामाचा क्रम ठरवून घ्यावा लागतो. आधी चित्रातलं पांढरं शोधायचं. आमच्या भागातल्या लग्नात ते शोधावं लागत नाही, कुणा ना कुणाच्या डोक्यावर पांढरी टोपी असतेच. संगणकाला ती टोपी दाखवून सांगायचं, हे पांढरं. टोपी पांढरी झाली की तिच्याबरोबर सगळी माणसं आपापल्या रंगावर येतात. मग उजेड सारखा करायचा. एक तुकडा जमला की त्या कॅमेऱ्याच्या बाकीच्या तुकड्यांना तीच मापं लावायची. चेहऱ्याला हात सगळ्यात शेवटी, तोही नवरीची मावशी "जरा गोरी करा हो" म्हणत दुकानात येऊन बसली तरच.

म्हणून त्या मांडवात मी बाईचा चेहरा पाहिलाच नाही. मी तिच्या हातातलं दूध पाहिलं. आजारी बाईच्या हातात ते पिवळंजर्द होतं आणि बऱ्या झालेल्या बाईच्या हातात निळसर.

मी उठून विचारलं, "बाबा, दुधाला पण कावीळ झाली होती का?"

कुणीतरी हसलं. बाबा मात्र कसलेले.

"शाबास! बारीक नजर हाय पोराची. आरं, रोग्याची पिवळाई दूध वढून घेतं! ही मुळीची ताकद!"

"पण तिनं अजून ओठाला लावलंही नव्हतं. आणि मागं बसलेल्या आजोबांची टोपी? ती पण पिवळीच आहे. तिनं काय ओढून घेतलं?"

"श्रद्धा नसलेल्याला टोपीच दिसायची!" बाबा म्हणाले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. दोन तगड्या सेवेकऱ्यांनी मला प्रेमानं दंडाला धरून बाहेर काढलं.

मांडवामागच्या झोपडीत करुणा चटईवर पडली होती. आई वारा घालत होती.

"आई, गाडी आणलीय. चल."

"तुझी गाडी ऱ्हाऊ दे. बाबांनी गोळ्या बंद करायला सांगितल्यात. मुळी आन् दूध. जावईबापूंनी हो म्हटल्यावर तू कोण मधी बोलनार?"

मी करुणाकडं पाहिलं. ती क्षीण हसली. "दादा, आईला नको ना बोलू. ती लई भ्यालीय."

मी भांडलो, महेंद्रला फोन केला, त्याच्यावरही ओरडलो. आमच्यात लग्न झालेल्या पोरीबद्दल शेवटचा शब्द तिच्या घरच्यांचा. त्या शब्दापुढं भावाचा राग काही कामाचा नसतो, हे मला तिथं कळलं.

काही दिवसांनी बाबांनी सोडलं तेव्हा ती घरी आली. बरोबर तिची स्वतःची सीडी होती. महेंद्र पाळी संपवून थेट आला. पेढे घेऊन आला होता बिचारा. दुपारची वेळ. आईनं सीडी लावली आणि पडद्यावर आमची करुणा आली. आधी पिवळी, हातात दूध. मग फुलं फिरली आणि गुलाबी करुणा निळी साडी नेसून हसली. आईनं टीव्हीच्या काचेवरून हात फिरवून आपल्या डोक्याशी बोटं मोडली.

खरी करुणा मागं खाटेवर होती. डोळे अर्धे मिटलेले, हाताला सारखी खाज, रंग आधीपेक्षा गडद.

"आई," ती म्हणाली, "मी अशी दिसती का गं आता?"

आईनं वळून तिच्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "ह्या खोलीत उजेडच पडत न्हाई बाय. बल्बखाली समदं पिवळंच दिसतं. सीडीत बघ की, कशी गोजिरी दिसतीस! आन् आता झोप बी चांगली लागती तुला."

दिवसाढवळ्या लागणाऱ्या त्या झोपेची, काविळीच्या त्या गुंगीची, मला भीती वाटत होती. खाटेवरचं माणूस पिवळं दिसलं तर दोष बल्बचा आणि पडद्यावरचं गुलाबी दिसलं तर ते खरं! आई वेडी नव्हती. तिला फक्त पोर जगायला हवी होती, आणि पोर जगेल असं सांगणारी घरात तेवढी एकच वस्तू होती.

मी करुणाजवळ बसलो. "शूटिंग कधी केलं गं?"

"एकाच दिवशी, दादा. गेलो त्याच दिवशी. मला म्हणले, साडी बदल आन् परत बस, हसून. मला वाटलं, पहिलं बिघडलं आसंल."

महेंद्रच्या हातातला पेढ्यांचा पुडा तसाच राहिला. मी त्याला उठवलं. दुकान घराच्या पुढच्याच खोलीत. सीडी संगणकात घातली आणि नेहमीच्या क्रमानं कामाला लागलो.

"पाव्हणं, चेहऱ्याकडं बघू नका. दुधाकडं बघा."

पहिल्या तुकड्यातल्या पिवळ्या दुधावर टिचकी मारून मी ते पांढरं केलं. करुणाची जादा पिवळाई उतरली, पण तिची स्वतःची राहिली. मग दुसरा तुकडा घेतला. पिवळा रंग मारायचा तर चित्रात निळा ओतावा लागतो, आणि तो निळा दुधात जाऊन बसला होता. त्या दुधालाही मी पांढरं केलं. गुलाबी करुणा आमच्यासमोर विरून गेली. पडद्यावर दोन करुणा शेजारी शेजारी होत्या. साड्या वेगळ्या आणि रंग एकच, तिथं गेली त्या दिवशीचा पिवळा.

महेंद्रनं हातातला पुडा टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "दादा, म्या पेढं वाटलं की हो कंपनीत." आणि तो जीप आणायला पळत सुटला.

आम्ही तिला पुण्याला नेलं. वाटेत ती मला ओळखेनाशी झाली. आईला मात्र शेवटपर्यंत ओळखत होती. आधी बाळ गेलं, मग ती गेली. डॉक्टर भले होते, त्यांनी खोटा दिलासा दिला नाही. म्हणाले, "वेळेत आली असती तर नक्की वाचली असती असं मी म्हणणार नाही. पण आम्हाला झगडता आलं असतं." या वाक्यानं मला अजून झोप लागत नाही. नदीकाठच्या त्या मांडवात माझ्या बहिणीकडून झगडण्याचे दिवस काढून घेतले गेले.

त्यानंतर आई रोज ती सीडी लावायची. गुलाबी करुणा हसली की थांबवायची आणि बघत बसायची. बाबा लबाड होता हे महेंद्रनं तिला सांगितलं होतं. तिनं मान हलवली आणि सीडी पुन्हा लावली. मी तिला अडवलं नाही. पोरगी हसताना दिसावी एवढंच तिला हवं होतं, त्याला मी काय म्हणणार?

करुणाच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे तिच्या आठवणीच्या कार्याला, वस्ती जमली. बुद्धवंदना झाली, खीर वाटली. आमच्याच आळीतल्या सिंधूबाई नातवाला कडेवर घेऊन आल्या होत्या. पोराचे डोळे पिवळे.

"दवाखाना झाला का, मावशी?" मी विचारलं.

"उद्या बाबांकडं न्यायचं हाय. करुणाचं नशीब खोटं, त्याला बाबा काय करनार? सीडीत तर बरी झाली व्हती की ती. समद्यांनी बघितलं."

इतक्या लोकांना ही लबाडी एकदमच दाखवता आली असती. संगणक होता, टीव्ही होता. पण त्यासाठी करुणाला तिच्या आईसमोर, भरल्या वस्तीत पुन्हा पिवळी करावी लागणार होती. घरात तिचं हसरं रूप तेवढंच उरलं होतं. मी आईकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

आई उठली. आत गेली, सीडी घेऊन आली आणि माझ्या हातात दिली.

"लाव," ती म्हणाली. "कर माझ्या लेकीला पिवळी. बघू दे समद्यांना."

मी टीव्ही आणि संगणक अंगणात आणून जोडले. एका वाक्यात समजावलं, "दूध पांढरं असतं, बस एवढंच लक्षात ठेवा." मग एकेक टप्पा सावकाश करून दाखवला. दूध पांढरं झालं आणि करुणा पिवळी झाली. आई पुढंच बसली होती. तिनं तोंडाला पदर लावला, पण डोळे मिटले नाहीत. मग मी सिंधूबाईंच्या हातात माउस दिला. त्यांनी स्वतः टिचकी मारली. गुलाबी रंग गेला, परत मारली, गुलाबी रंग आला.

"म्हंजी हे आसं... घरात बसून?" त्या म्हणाल्या.

"हो मावशी. घरात बसून."

त्यांनी नातवाला छातीशी धरलं आणि त्याच पावली महेंद्रबरोबर दवाखाना गाठला. पोरगं बरं झालं. आता ते क्रिकेट खेळतं आणि आमच्या दुकानाच्या काचा फोडतं. आई त्याला कधी रागावत नाही.

आम्ही पोलिसांत तक्रार दिली. तोवर बाबा मांडव गुंडाळून पसार झाले होते. अशी माणसं कुठंतरी नवा मांडव घालतातच, नव्या यंत्रासकट. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो. कॅमेरा खोटं बोलतो. तो चालवणाऱ्याला जे हवं ते बोलतो, मी रोज त्याच्याकडून वदवून घेतो. पडद्यावर कुणी बरं झालेलं दिसलं तर चेहरा पाहून हात जोडू नका, दुधाचा रंग बघा, मागच्याची टोपी बघा, डॉक्टरला विचारा. आणि टीव्ही बंद करून आपल्या माणसाकडं वळा. खाटेवरून ते काहीतरी विचारत असेल.

ती सीडी आईनं जपून ठेवली आहे, पण गुलाबी करुणा ती आता पाहत नाही. मी पांढऱ्या दुधावरून दुरुस्त केलेली प्रत तिनं मागून घेतली. त्यात करुणा पिवळी आहे, थकलेली आहे, आणि कुणीतरी सांगितलं म्हणून हसते आहे.

"ही माझी हाय," आई म्हणते.