वीस जागांचा वर्ग

दरवर्षी प्रवेशाआधी पालकांची सभा होते आणि भाषण मी करतो. बावीस वर्षं तंत्रशाळेत वेल्डिंग शिकवतोय. लोखंड जोडण्यापेक्षा माणसं पटवणं मला जास्त जमतं, असं प्राचार्य म्हणतात. पदवी घेऊन नोकरीसाठी चपला झिजवणारे किती आणि माझ्या हाताखालून जाऊन सहा महिन्यांत कमावते झालेले किती, हे मी घडाघडा सांगतो. त्यात खोटं काही नसतं. वीस जागांना साठ अर्ज येतात.

या वर्षी त्यातला एक माझ्या मुलीचा होता.

एका सकाळी तिनं तो माझ्या कपाखाली सरकवून ठेवला, पालकाच्या सहीची बाजू वर करून. अभ्यासात हुशार पोर. कॉलेजचा प्रवेशही हातात होता आणि तिच्या आईनं तर मनातल्या मनात पदवीचा फोटो भिंतीवर लावून टाकला होता. मी सरळ नाही म्हटलं.

का, असं तिनं विचारलं. मुलींचं काम नाही म्हणावं, तर गेल्या वर्षी सगळ्यात साफ जोड एका मुलीचा होता आणि त्याचं कौतुक घरी येऊन मीच केलं होतं. या कामात पैसा नाही म्हणावं, तर माझं भाषण तिला माझ्यापेक्षा जास्त पाठ. दोन दिवस मी हं हं करून काढले. तिसऱ्या दिवशी ती माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, कारण सांगा नाहीतर सही करा. मग सांगितलं.

वर्कशॉपमधला धूर ओढणारा मोठा पंखा तीन वर्षं बंद आहे. दोनदा लेखी कळवलं. दुसऱ्या वेळी प्राचार्यांनी मला बसवून घेतलं आणि समजावलं, की एवढा खर्च काढला तर वरचे लोक पंखा दुरुस्त करायचे नाहीत, वर्गच बंद करतील, आणि या वयात तुम्हाला दुसरीकडे कोण उभं करणार? तिसरं पत्र मी लिहिलं नाही. यंदा थंडीत डॉक्टरांनी माझी छाती तपासली. फुप्फुसं निम्मीच काम करतात. घरात हे कुणाला माहीत नव्हतं. जिन्यात मी थांबतो ते वयामुळे, असंच सगळे धरून चालले होते.

मला वाटलं ती रडेल. तिनं विचारलं, "मग ते वीस जण?"

"त्यांना त्यांचे आईबाप आहेत," मी म्हणालो.

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं म्हणत मी आयुष्यभर लोकांना हसत आलो. आता मीच तसा बोललो होतो आणि माझी मलाच लाज वाटली. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, सभेत सांगा. तुम्ही सांगितलंत तर मी मुकाट्यानं कॉलेजात जाते." मी कबूल केलं. खरंच सांगायचं ठरवलं होतं.

सभेत प्राचार्य पहिल्या रांगेत बसले होते. मी उभा राहिलो, घसा खाकरला, आणि तोंडातून नेहमीचंच भाषण सुरू झालं. थांबवता आलं असतं. नाही थांबवलं. शेवटी इस्त्रीचं दुकान चालवणारी एक बाई उठली. एकुलती एक मुलगी आहे, कामात काही धोका तर नाही ना, असं तिनं विचारलं. काळजी घेतली तर नाही, मी म्हटलं. ती बसली नाही.

"राग मानू नका सर, पण तुमच्या मुलीला घातलं असतं का तुम्ही?"

"माझ्या मुलीचाही अर्ज आलाय," मी म्हणालो.

यातला एकही शब्द खोटा नव्हता. बाईच्या चेहऱ्यावरचा ताण गेला आणि तिनं तिथंच मांडीवर कागद ठेवून सही केली.

घरी मुलगी दारातच उभी होती. सभेत सांगितलं, असं मी तिला म्हटलं. तिनं माझा हात दोन्ही हातांत धरला. बऱ्याच वर्षांनी धरला असेल. पुढं जागा भरल्याचं तिला कळलं तेव्हा मी म्हणालो, सगळं ऐकूनही लोक येतात, गरज असते. तिला ते पटलं. ती कॉलेजात जाऊ लागली, आणि मला जिना चढताना दम लागला की माझ्या हातातली पिशवी घेऊ लागली. ती पिशवी देताना मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

वर्ग सुरू झाला त्या दिवशी इस्त्रीवाल्या बाईंची मुलगी सगळ्यांच्या आधी आली होती. शेजारच्या टेबलावर तिनं आपली बॅग ठेवली होती आणि कुणाला तिथं उभं राहू देत नव्हती. मी बॅग उचलायला सांगितली.

"तुमच्या मुलीसाठी जागा धरलीय सर. आई म्हणाली, सरांच्या मुलीशेजारीच उभी राहा, म्हणजे मला घोर नाही."

"ती येणार नाही."

तिनं बॅग उचलली, पण माझ्याकडेच बघत राहिली. तिला कारण हवं होतं. मी तिला चेहऱ्यावर काच ओढायला सांगितली आणि पहिली ठिणगी कशी पाडायची ते दाखवलं.