दुसरी वाटी

फ्रीजची मोटर घुर्र करून सुरू झाली आणि मी दचकले. इतका वेळ घरात आवाजच नव्हता. बाहेरच्या खोलीत अनुष्का टीव्हीसमोर बसली होती, पण तोही तिने बारीक केलेला. चार वर्षांची पोर, हल्ली स्वतःहून आवाज कमी करते. मार्चपासून आमच्याकडे सगळेच हळू बोलतात.

सीबीबीज हे लहान मुलांचं चॅनल लावलं की मला अर्धा तास मिळतो. समोर कोरा कागद. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी काहीतरी दे, म्हणून मीनलताईंचा सकाळी फोन आला होता.

"अगं सुप्रभा, मागच्या वर्षी सगळ्यांनी स्वित्झर्लंडच लिहिलं. बर्फ, बर्फ नि बर्फ! टाइप करता करता मलाच सर्दी झाली. तू घरातलं लिही बाई. किचनमध्ये बस, आजूबाजूला बघ. विषय तिथेच पडलेले असतात."

"बघते."

"म्हणजे..." त्या अडखळल्या. "जमेल तेवढंच हं. घाई नाही."

बघितलं. केटलवर एक ओळ लिहिली, खोडली. रेडिएटरवर अनुष्काचे मोजे वाळत होते. त्यांच्यावर लिहायला गेले, तर हात आपोआप आणखी लहान मोज्यांकडे वळला. तेही खोडलं. घरामागून हॅरोकडे जाणारी ट्रेन गेली, कपबशा किणकिणल्या. मग फ्रीजच उरला.

उठून फ्रीजर उघडला. मटारच्या पिशवीमागे ती होती. फॉइल लावलेली स्टीलची वाटी.

फेब्रुवारीत याच टेबलापाशी माझं डोहाळजेवण झालं. मीनलताईंनीच दोन सारख्या वाट्या झाकून आणल्या होत्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. अनुष्काला जवळ घेऊन मी विचारलं, "कुठली उघडू गं?" तिने टाचा उंचावून डावीकडची दाखवली. पेढा! बायकांनी टाळ्या पिटल्या, अनुष्का तर नाचलीच. दुसरी वाटी मीनलताईंनी फ्रीजरमध्ये सारली. "असू दे, बारशाला काढू."

बारसं झालं नाही. मुलगाच होता. सगळं जागच्या जागी, नखंसुद्धा. फक्त रडला नाही. हॉस्पिटलने कारण शोधलं, सापडलं नाही. माझा नवरा शशी स्वतः डॉक्टर. त्याने रिपोर्ट वाचला, परत पहिल्यापासून वाचला, आणि त्यानंतर विषय काढला नाही. मी घरी यायच्या आत त्याने पाळणा सुटा करून माळ्यावर टाकला होता. वाटी तेवढी त्याच्या नजरेतून सुटली.

ती टेबलावर ठेवली आणि लिहायला बसले. फॉइलवर बर्फाची पांढरी लव होती, तिथून सुरुवात केली. मग थांबलेच नाही. बाळाचे ओठ लिहिले. अनुष्कासारखेच, मधे खळगा असलेले. इतक्या महिन्यांत ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. शशीला वाचायला द्यायचं, एवढं मनाशी ठरवलं. निदान कागदावर तरी बाळ या घरात असू दे.

मान वर केली, तर दारात अनुष्का. डोळे वाटीवर.

"आई, हा तो दुसरा बाऊल आहे?"

"हो गं सोन्या."

तिने दोन्ही हात पाठीमागे नेले. "मी टच नाही केला."

"मग केलास तरी काय झालं? ये इकडे."

ती आली नाही. दाराच्या चौकटीला चिकटून अगदी हळू म्हणाली, "मी राँग बाऊल दाखवला, म्हणून बेबी नाही आला ना?"

पेन कुठे पडलं, कळलं नाही. गुडघ्यांवर बसून मी तिला छातीशी घट्ट धरलं. "नाही गं माझ्या राणी! तुझ्यामुळे काही नाही झालं. कध्धीच नाही."

"प्रॉमिस?"

"प्रॉमिस."

तिचं अंग जरा सैल पडलं. माझ्या खांद्यावरून ती टेबलाकडे बघत होती. वाटीभोवती पाणी साचलं होतं आणि ते कागदापर्यंत पोचलं होतं.

"मग कोणामुळे झालं, आई?"