खडूची भिंत

नव्या इस्पितळाच्या बांधकामावर दोघी सख्ख्या बहिणी कामाला होत्या. थोरली भिंती उभ्या करून घ्यायची. धाकटी माणसं सांभाळायची: डॉक्टर, परिचारिका, अग्निशमनवाले, शेजारपाजारचे. रोज कुणाचं ना कुणाचं मन बदलायचं. म्हणून धाकटीने एक रीत पाडली होती. नकाशातली खोली ती जमिनीवर खडूने आखायची, वापरणाऱ्यांना आत चालायला लावायची आणि सगळे हो म्हणेपर्यंत वीट ठेवू द्यायची नाही.

"वीस वर्षं मी भिंती बांधतेय," थोरली मुकादमाला म्हणाली, "आणि कौतुक कुणाचं, तर रेघोट्या ओढणारीचं."

"रेघ पायाने पुसता येते, बाई. भिंत पाडायला दोन दिवस लागतात."

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला.

त्याच दुपारी मोठ्या परिचारिकाबाई धाकटीला शोधत आल्या. ती बाहेर गेली होती.

"तिला निरोप द्याल? दोन नंबरच्या खोलीत खाट वळत नाही. दार हातभर सरकवायला हवं. मी घाईत हो म्हणून बसले."

"देते की," थोरली म्हणाली, आणि दिला नाही. सकाळी ती भिंत उठणार होती. उठू दे. पाडताना सगळ्यांना दिसेल धाकटीची हुशारी.

सकाळी येऊन बघते तो गवंडी हातावर हात ठेवून बसलेले. खडूच्या रेघा तशाच.

"काम का थांबलंय?"

"एक होकार बाकी आहे," धाकटीने यादी पुढे केली. सगळ्यांपुढे खुणा होत्या. शेवटी लिहिलं होतं, 'ताई'. तिथे खूण नव्हती.

"काल संध्याकाळपासून तू माझ्याशी बोलली नाहीस. तू गप्प बसलीस की काहीतरी बिनसलेलं असतं."

म्हणजे ही मलाही सांभाळते, त्या शेजाऱ्यापाजाऱ्यांसारखंच. थोरलीला हेच सगळ्यात जास्त झोंबलं. तिने खडू हिसकावून घेतला, ओणवी झाली, रेघ पुसली आणि दार हातभर सरकवलं.

"हे कुणी सांगितलं?"

"परिचारिकाबाईंनी. काल दुपारी."

"काल," धाकटी म्हणाली. तिने परिचारिकाबाईंपुढची खूण खोडली. ताईपुढची जागा रिकामीच ठेवली.

"रेघ वाकडी आलीय, ताई."

थोरलीने ती पुसली आणि पुन्हा ओढली. खडू मात्र परत दिला नाही.