चेचिलच्या चार वेण्या

नारेच्या सहाव्या वाढदिवशी टेबलावर चेचिलच्या, म्हणजे धाग्यांच्या चीजच्या, चार वेण्या होत्या. लवाशच्या अकरा पोळ्या होत्या, जर्दाळूंची एक ताटली होती आणि भोवती पाच मुले होती. त्या चारही वेण्या माझ्याच पोटातून आल्या होत्या. मित्रांनो, मी तांब्याचे एक जुने पातेले आहे. आर्मेनियातल्या ग्युमरी शहरात नारेच्या आजीच्या, सिरानुशच्या, घरी राहते. त्या दिवसाची आठवण आली की अजून माझा काठ थंड पडतो.

माझा जन्म तांबटाच्या हातोडीखाली झाला. सिरानुश नवरी होऊन या घरात आली, तेव्हा तिच्याबरोबर मीही आले. साय काढलेले बारा लिटर दूध ती संध्याकाळी माझ्यात आंबत ठेवी. सकाळी ते तापवून फाडी. तळाशी मऊ गोळा जमला की त्याचे कडे करून ती ते ताणी, दुमडी, पुन्हा ताणी. प्रत्येक दुमडीला धागे दुप्पट होत. दहा दुमडींत एक हजार चोवीस धागे. मग त्यांची वेणी घालून ती मिठाच्या पाण्यात सोडी. मुले शाळेतून आली की वेणी उसवत आणि एकेक धागा तोंडात सोडत. जेवणापर्यंत कोणाची कुरकुर नसे.

दूध आंबट असते आणि मी तांब्याचे. म्हणून माझ्या आत कथलाची पांढरी कल्हई असे. दर शरदात कल्हईवाला व्रेज ती नव्याने लावी.

पुढे घरात अॅल्युमिनियमचे हलके पातेले आले. मला बैठकीच्या भिंतीवर टांगले, तोंड पाहुण्यांकडे करून. कल्हई लावायचे कोणाला सुचले नाही. भिंतीवरच्या पातेल्याला कल्हई कशाला? उलट आजीची सून, नारेची आई आर्पिने, प्रत्येक सणाआधी मला वाळू आणि व्हिनेगरने घासू लागली. ग्युमरीत घरातल्या तांब्यावरून सुनेची परीक्षा होते. हळूहळू पांढरे कथील गेले आणि आतून मी लालभडक चमकू लागले.

शेजारची हायकुश म्हणाली, "आर्पिने जान, या पातेल्यात बघून मला वेणी घालता येईल."

"घाला की मावशी. फक्त केस आत पाडू नका."

मित्रांनो, खरे सांगते, मी सुखावले. कामाच्या इतक्या वर्षांत असे कौतुक माझ्या वाट्याला आले नव्हते.

नारेच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी अॅल्युमिनियमचे पातेले गळू लागले. आजी म्हणाली, "माझं तांब्याचं काढ खाली. पोरीला खरं चेचिल तरी खायला मिळेल." मोतीबिंदूमुळे तिला जवळचेही धूसर दिसे. आर्पिनेने मला उतरवले, धुतले आणि बारा लिटर दूध ओतले. रात्रभर ते दूध माझ्या उघड्या तांब्याला टेकून आंबत राहिले. काहीतरी चुकते आहे हे मला कळायला हवे होते. पण पुन्हा कामाला लागल्याच्या आनंदात मी होते.

सकाळी वेण्यांवर फिकट हिरवी झाक होती.

"हिरवट दिसतंय," नारेचा बाबा गेव्होर्ग म्हणाला. "पिकलं वाटतं."

आमच्याकडे चेचिल महिनोन् महिने मडक्यात दाबून ठेवतात. त्यावर हिरवी बुरशी चढली की ते पाहुण्यांपुढे मानाने येते. हिरवा रंग दिसला की कोणी घाबरत नाही, ताट पुढे करतात.

"एका रात्रीत पिकलं?" आर्पिनेने विचारले.

"आईच्या पातेल्यातलं आहे. त्यालाही तिच्यासारखीच घाई."

आर्पिनेने धागा चाखला. "आई, जिभेला झोंबतंय हो."

"झोंबायलाच हवं. तुझं नेहमीचं चीज काय, कापूस."

सगळे हसले. वेण्या टेबलावर गेल्या. वाढदिवस नारेचा, म्हणून पहिली वेणी तिची. अर्धी तिने एकटीनेच संपवली.

वीस मिनिटांनी ती टेबलाखाली ओकली. मग तिच्या दोन मैत्रिणी. मैत्रिणी थोड्या वेळाने सावरल्या. नारे मात्र आईच्या खांद्यावर ओल्या फडक्यासारखी लोंबू लागली. तिचे ओठ पांढरे पडले होते. दवाखान्यातून फोनवर सांगितले, की खाल्लेले चीज आणा आणि ते ज्यात केले ते भांडेही आणा. गेव्होर्गने मला काखोटीला मारले. आजीच्या लग्नानंतर मी प्रथमच घराबाहेर पडत होते, आणि ते असे.

डॉक्टरीणबाईंनी माझ्यात बॅटरी मारली. "यात कल्हई कुठे आहे?"

त्यांनी माझ्या तळावरून बोट फिरवले.

"आतून कशानं घासता?"

"वाळू आणि व्हिनेगर," आर्पिने म्हणाली. "सणाला. सहा वर्षं झाली."

"म्हणजे कल्हई तुम्हीच काढलीत. आंबट दुधात रात्रभर तांबं उतरलं. हा हिरवा रंग बुरशीचा नाही, या भांड्याचा आहे."

मित्रांनो, मी हबकले. ज्या चमकेवर मी सहा वर्षे फुशारले होते, तीच या पोरीच्या पोटात गेली होती. ओरडावेसे वाटले, पण पातेल्याला कोणी वाजवल्याशिवाय आवाज नसतो.

नारे दोन दिवस सलाईनवर होती. आजी तिच्या पायाशी बसून एकच वाक्य म्हणत राहिली. "डोळे गेले होते माझे, बोटं नव्हती गेली. एकदा आत हात फिरवायला हवा होता."

नारे घरी आली. तिसऱ्या आठवड्यात व्रेजला बोलावले. त्याने मला आत-बाहेर पाहिले. "बाहेरून नवरी, आतून सासू," तो म्हणाला. "आणि हे तुम्ही भिंतीवर मिरवत होता?" आर्पिनेने मान खाली घातली. मग निखाऱ्यांवर मी तापले. नवसागराचा पांढरा धूर निघाला, कथील वितळले आणि कापसाच्या बोळ्याने ते माझ्या अंगभर पसरले. मी पुन्हा आतून पांढरे आणि साधे झाले.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझा एखादा भाऊबंद असेल. त्याला आंबट पदार्थासाठी वापरण्याआधी आतून पाहा. दिसत नसेल तर हात फिरवा. चकाकी म्हणजे काळजी नव्हे. आम्हाला आमच्या चुका सांगता येत नाहीत, त्या तुम्हालाच शोधाव्या लागतात.

कल्हईच्या दुसऱ्या दिवशी माझ्यातून नवी वेणी निघाली. पांढरी होती. नारेने ती पाहिली आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"मला नको."

"नको तर नको," आजी म्हणाली. तिने स्वतः एक मूठभर धागे खाल्ले. आर्पिनेने खाल्ले, गेव्होर्गने खाल्ले. मग तिघे घड्याळासमोर बसले. नारे एकदा त्यांच्या ओठांकडे पाहत होती, एकदा काट्याकडे.

"आजी, पोटात दुखतंय?"

"नाही गं."

"आई, तुझ्या?"

"नाही."

"बाबा खोटं बोलतात, त्यांना नाही विचारत."

"बरं केलंस," गेव्होर्ग म्हणाला.

एक तास झाला. नारे खुर्चीवरून उतरली, वेणीजवळ आली आणि तिने एक धागा ओढला. उजेडात धरून तो दोन्ही बाजूंनी पाहिला, मग तोंडात सोडला. थांबली. मग दुसरा ओढला.

त्या संध्याकाळी नारेने सतरा धागे खाल्ले.