सड्याखालची हिरवळ

देवासच्या दरबारात कामाला असलेल्या भैयासाहेबांनी एकोणीसशे सहा साली इंदुरास एका साहेबाच्या बंगल्यापुढे हिरवळ पाहिली, आणि परतल्यावर जोडे काढण्याआधी तश्शीच मागितली. माळी मालोजीनं दारापुढचं अंगण खणून हरळी लावली. दिवाळीपर्यंत ती डोळ्यांत भरत होती. फाल्गुनात तिची वाळकी चटई झाली.

"रामनवमीला साहेब चहाला येणार," भैयासाहेब म्हणाले. "तोवर हिरवी झाली तर ठीक. नाहीतर दुसरा माळी पाहतो."

वीस वर्षांची चाकरी गवतावर येऊन ठेपली. मालोजी रागावला नाही; तेवढा वेळ नव्हता. कारण मात्र ज्याला त्याला ठाऊक होतं. कारकून मोरोपंत वाळवी म्हणाले, कारण त्यांच्या दप्तरांना वाळवी लागली होती. शेजारचा तेली म्हणाला, "भिया, नजर लग गई," आणि आपली बकरी हळूच मागं ओढली.

मालोजीनं खुरपं घातलं. ते टणकन वाजलं. वर बोटभर कडक पापुद्रा, खाली माती ठणठणीत कोरडी. दोन वेळा घातलेलं पाणी वरच्यावर गटारात जात होतं. गटाराकाठची हरळी तेवढी तरारली होती. त्यानं ढेकूळ हुंगलं. शेणाचा वास.

दुसऱ्या दिवशी उजाडताना तो कुंपणाशी येऊन बसला. दार उघडलं. भैयासाहेबांच्या थोरल्या भगिनी अक्का बादली घेऊन आल्या आणि त्यांनी हिरवळीवर, एक कोपरा न सोडता, शेणाचा सडा घातला. वर रांगोळीही काढली.

"अक्कासाहेब, हे गवत आहे."

"दिसतंय मला. आधी अंगण होतं, आताही अंगणच आहे."

"पाऊस सडा धुऊन नेत होता तोवर निभावलं. आता जमीन लिंपली गेलीय. पाणी आत जात नाही."

"मग दारापुढं सडा नको? लोक विचारतील, घरात कोण गेलं."

मालोजीनं विटा आणल्या. उंबऱ्यापासून चार हातांवर ओळ मांडली.

"इथवर तुमचं अंगण. पलीकडं माझं."

"तुझं?"

"गणपतीचं. हरळी म्हणजे दूर्वाच. रोजच्या तिथूनच देईन."

दूर्वांसाठी अक्का रोज गड्याला नदीवर धाडत आणि रोज त्या शिळ्या म्हणून कुरकुरत. त्यांनी विटांकडे पाहिलं, मग मालोजीकडे.

"कोवळ्या हव्यात."

"मिळतील."

मालोजीनं पहारीनं पापुद्रा फोडला, क्षिप्रेची वाळू मिसळली, गटाराकाठच्या हरळीची मुळं बोटाबोटावर लावली. आठवडाभर काहीच नाही. मोरोपंत रोज येऊन वाळवीची चौकशी करत. पंधराव्या दिवशी कोंब दिसले. मोरोपंत यायचे थांबले.

रामनवमीला दोन कोपरे अजून विरळ होते. तिथं मालोजीनं खुर्च्या मांडल्या. भैयासाहेब अनवाणी एक फेरी मारून आले.

"पावसाळ्यात मागच्या बाजूलाही लाव," ते म्हणाले.

मालोजीनं मान डोलावली आणि तो दाराकडे गेला. विटांची ओळ वीतभर हिरवळीत सरकली होती. अक्का पूजेला बसल्याची खात्री करून त्यानं एकेक वीट परत जागेवर लावली.